पिशवीवाली वाघीण

हिंगणघाटच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या जयवंताबाईंना भिंतीएवढं चित्र काढायची फार हौस. म्हणूनच जत्रेत जनावरं दाखवणाऱ्या तंबूवाल्या लक्ष्मणरावाचा पडदा रंगवायला त्या तयार झाल्या. त्यानं सांगितलं होतं, "कोनी पाह्यलं नसंल असं जनावर काढा, बाई."

शाळेतल्या एका जाडजूड पुस्तकात त्यांना ते सापडलं. लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेला वाघासारखा शिकारी प्राणी, हनुवटीखाली उतरलेले सुळे, पोटाला कांगारूसारखी पिशवी. बाईंनी त्याला मनचे पंख दिले, मोराच्या गळ्याचा निळा रंग दिला आणि पिशवीतून डोकावणारं पिल्लू काढलं. पिल्लाच्या मिशांसाठी तर सगळ्यात बारीक कुंचला घेतला.

लक्ष्मणराव सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्यानं काळे पडलेले दात दाखवत हसला. "झकास! पन तोंडाले रगत काऊन नाई?"

"माय हाय ते. पिल्लू घेऊन चालली."

जत्रा भरली तेव्हा बाई कौतुकानं आपला पडदा पाहायला गेल्या. वाघिणीच्या जबड्यातून कुणीतरी लाल रंगाचे ओघळ सोडले होते. दारावरचा माणूस ओरडत होता, "अंदर जित्ती हाय!"

आत पाऊल टाकताच बाईंच्या नाकात कुजका वास शिरला. पिंजऱ्यात एक गावठी कुत्री होती. अंगभर निळीचं पाणी, तोंडाला सुतळीनं आवळलेले टिनाचे सुळे. पोटाखाली बकरीचं कच्चं कातडं बांधलेलं, त्यावर माशांचा थर. आतून पिल्लाची कुईकुई येत होती. लोक काड्या टोचून हसत होते.

"तुमच्याच चित्रावून बनवली," लक्ष्मणराव फुशारकीनं म्हणाला. "पब्लिक पागल होऊन राह्यली!"

बाईंनी पिंजऱ्याची कडी काढली. कातड्याच्या ओल्या सुतळीची गाठ सुटेना, तेव्हा त्यांनी ती दातांनी तोडली. तोंडात आंबूस, चिकट चव उतरली. कातडं गळून पडलं, मग त्यांनी टिनाचे सुळे उपसले. तोंड मोकळं होताच कुत्रीनं त्यांच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला, पिल्लू जबड्यात धरलं आणि गर्दीतून वाट काढत ती नदीकडं पळाली.

लोकांनी टाळ्या पिटल्या, शिट्ट्या मारल्या. त्यांना तोही खेळच वाटला.

तंबूमागं बाईंना भडभडून उलटी झाली. लक्ष्मणराव मागोमाग आला आणि हळूच म्हणाला, "बाई, उद्या बी येता का? दुसरी कुत्री आनतो."

बाईंनी रक्तानं भरलेला हात त्याच्या पांढऱ्या सदऱ्याला नीट पुसला आणि दवाखान्याची वाट धरली.