एकास पस्तीस

बाईंनी चिमट्यात चाक धरलं, अंगठा आसावर टेकवला आणि चाक मोडून काढलं. मग दुसरं. तिसऱ्याला जोर लागला, कारण ते त्यांनी स्वतःच पक्कं चिकटवलं होतं.

"अगं, झाली होती ना ती गाडी?" चहाचे दोन कप घेऊन दारात आलेल्या नवऱ्याने विचारलं.

"चाकाला सहा नट आहेत. फोटोत पाच दिसतात."

"एखादा सावलीत गेला असेल."

"पाच असले की त्यांच्यातलं अंतर वेगळं पडतं. भिंगाखाली मोजलंय मी. पाचच आहेत."

"आणि संग्रहालयात ते मोजायला कोण येणार आहे?"

"मी," बाई म्हणाल्या आणि चौथं चाक मोडलं.

नवऱ्याने एक कप टेबलाच्या कडेला, रंगाच्या डब्यांपासून लांब ठेवला. मागे एकदा बाईंनी चहा समजून ब्रश धुतलेलं पाणी तोंडाला लावलं होतं.

बाईंनी चाळीस वर्षं दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवल्या होत्या. गावात त्यांना कवळीवाल्या बाई म्हणत, आणि निम्म्या गावाचं हसू आपल्या बायकोच्या हातचं आहे असं त्यांचा नवरा चारचौघांत सांगे. निवृत्त झाल्यावर हत्यारं घरी आली: मेण कोरायच्या सुऱ्या, कानशी, हिरड्यांसाठी वापरायची गुलाबी पूड, बोटभर लांबीची घासणारी मोटर. खेळण्यांची किंवा युद्धाची त्यांना कधीच आवड नव्हती. या उद्योगात त्या पडल्या त्या दादामुळे.

दादा सैन्याच्या रुग्णवाहिकेवर मलमपट्टी करणारा जवान होता. चोविसाव्या वर्षी गाडीसकट गेला. त्याला पंचेचाळीस वर्षं होऊन गेल्यावर सैन्याच्या संग्रहालयात त्याचा फोटो लागला, म्हणून बाई बघायला गेल्या. फोटोखाली काचेच्या पेटीत रुग्णवाहिकेची छोटी प्रतिकृती होती आणि कार्डावर लिहिलं होतं, 'याच गाडीवर कर्तव्य बजावताना'. बाईंनी काचेला नाक लावून पाहिलं. गाडीचं तोंड चपटं होतं. दादाने घरी पाठवलेल्या एकुलत्या एका फोटोत तो ज्या गाडीला टेकून उभा होता, तिचं तोंड लांब होतं.

त्या थेट संग्रहालयाच्या प्रमुखांच्या खोलीत गेल्या. प्रमुख निवृत्त अधिकारी होते, बोलायला मऊ.

"बाई, लोक काचेपलीकडून दोन मिनिटं बघतात. त्यांना रुग्णवाहिका दिसली म्हणजे झालं."

"मी असं म्हणत कवळ्या केल्या असत्या, तर लोक उपाशी मेले असते."

प्रमुख हसले. "मग बरोबर असेल ती तुम्ही आणा. पुराव्यासकट. वर्धापनदिनाच्या आत आणलीत, तर ही काढून ती ठेवतो."

त्याला सात आठवडे होते. दोन आठवड्यांत बाई विसरून जातील असा प्रमुखांचा अंदाज असावा. त्यांना बाई माहीत नव्हत्या.

लांब तोंडाच्या गाडीचे सुटे भाग जोडायचं किट मिळालं. खऱ्या गाडीपेक्षा पस्तीसपट लहान, पण कारखान्यातून नुकतीच बाहेर पडावी तशी कोरी. वापरातली गाडी कोरी राहत नाही, एवढं बाईंना कळत होतं. एकाच साच्यातली कवळी दोन माणसांच्या तोंडात वर्षभरात दोन तऱ्हांनी झिजते. पण फोटोत गाडीचा फक्त पुढचा डावा कोपरा होता. बाकीची गाडी पाहिलेला एकच माणूस उरला होता, तिचा ड्रायव्हर. बाईंनी त्याला तीन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही. चौथं पत्र लिहिण्याऐवजी त्यांनी नवी चाकं बसवलेली गाडी केकच्या रिकाम्या खोक्यात ठेवली आणि बस पकडली.

ड्रायव्हर टायरच्या दुकानावरच्या खोल्यांत राहत होता. सैन्यातून आल्यावर त्याने तीस वर्षं लोकांना गाडी शिकवली होती, त्यामुळे सगळे त्याला उस्ताद म्हणत. दार सुनेने उघडलं.

"बाबा, एक बाई आल्यात. केक घेऊन."

उस्ताद खिडकीपाशी बसले होते. वाळलेला, ताठ माणूस. बाईंनी आपण कोण ते सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली, पण वर पाहिलं नाही.

"पत्रं मिळाली, ताई. मला काही आठवत नाही. किती वर्षं झाली."

"बरं," बाई म्हणाल्या. "बस तासाने आहे. तोवर बसते."

त्यांनी खोकं उघडून गाडी टेबलावर ठेवली आणि सुनेशी बसच्या वेळांबद्दल बोलू लागल्या. उस्तादांनी गाडीकडे पाहिलं. खिडकीबाहेर पाहिलं. पुन्हा गाडीकडे पाहिलं.

"स्टेपनी तिथे नव्हती," ते एकदम म्हणाले.

"कुठे होती?"

"मागच्या दाराला. बाजूला असली की अरुंद रस्त्यावर घासायची. मीच हलवली."

"कशावर बसवली होती?"

"लोखंडी पट्टी होती."

"केवढी रुंद?"

उस्तादांनी दोन बोटं जुळवून दाखवली. बाईंनी खिशातून मोजपट्टी काढली, त्यांची बोटं मोजली, पस्तिसाने भागलं आणि वहीत लिहिलं. त्या दिवशी त्यांची बस चुकली. पुढचीही.

दुसऱ्या खेपेला स्टेपनी मागच्या दाराला होती. उस्तादांनी चष्मा लावून पट्टी तपासली आणि काही बोलले नाहीत, म्हणजे ती बरोबर होती. मग त्यांना पायरी आठवली. लोखंडी पायरी कुठेतरी तुटून पडली होती, तिथे लाकडी फळी ठोकली होती. आणि मागच्या दाराची कडी.

"कडी लागायची नाही. तुमच्या दादाने बँडेज गुंडाळून बांधली होती. म्हणायचा, गाडीलाही जखम झालीय, हिला आधी बघू द्या."

बाई लिहिता लिहिता थांबल्या. दादाचा विनोद त्यांनी पंचेचाळीस वर्षांत ऐकला नव्हता. "किती वेढे होते?" त्यांनी विचारलं.

"पाच-सहा असतील."

"पाच की सहा?"

उस्ताद मोठ्याने हसले. सून स्वयंपाकघरातून डोकावून गेली. सासऱ्याचं असं हसणं तिच्या कानांना नवं होतं.

तिसऱ्या खेपेला वर्धापनदिन आठवड्यावर आला होता. गाडी जवळजवळ पुरी झाली होती. फळीची पायरी, सुती दोऱ्याचे सहा वेढे, टपावरचा पोचा. दोन्ही बाजूंना बाईंनी पांढरं वर्तुळ आणि त्यात रुग्णवाहिकेची लाल खूण रंगवली होती. दात रंगवणारा हात तो. रेघ कुठे सुटली नव्हती. त्यांनी खोकं उघडलं आणि उस्तादांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

उस्तादांनी गाडी उचलली नाही.

"रंग चुकला का?"

"लाल बरोबर आहे."

"पांढरा फार शुभ्र वाटतोय? थोडा मळवते."

"ताई, हे दिसतच नव्हतं."

बाईंनी वही उघडली. मग त्यांचा चेहरा पाहून मिटली.

"तुमचा दादा गेला त्याच्या आदल्या दिवशी आमच्या पुढची गाडी विमानाने जाळली," उस्ताद म्हणाले. "तिच्यावर खूण होती. धुऊन लख्ख केलेली. मला वाटलं, पांढरं चमकतं म्हणूनच मारतात. ओढ्याशी गाडी थांबवली आणि खुणेवर चिखल फासला. दोन्ही बाजूंना. तुमचा दादा नको म्हणत होता. म्हणाला, या खुणेवर तर आपण जगतोय, तिला हात लावू नका. मी वयाने मोठा. गाडी माझी. त्याला म्हटलं, गप बस."

खाली टायरमध्ये हवा भरायचं यंत्र सुरू झालं. ते थांबेपर्यंत उस्ताद थांबले.

"दुसऱ्या दिवशी सकाळी पुलाच्या अलीकडे गोळा पडला. विमान नव्हतंच. टेकडीवरून मारला. त्यांना साधा ट्रक दिसला असेल. मी दारातून बाहेर फेकला गेलो, तो आतच राहिला. चौकशीत मी काही बोललो नाही. गाडी जळून गेली होती, चिखल कोणाला दिसणार? नंतर तुमच्या आईचं पत्र आलं. शेवटी तो काय म्हणाला ते कळवा. काहीच म्हणाला नाही हो, वेळच मिळाला नाही. तेवढंसुद्धा मी कळवलं नाही."

बाईंनी गाडी खोक्यात ठेवली, झाकण लावलं आणि उठल्या. जिना उतरताना सून मागून चहा झालाय म्हणून सांगत होती.

तीन दिवस खोकं टेबलावर तसंच राहिलं. बाईंनी स्वयंपाकघरातली फडताळं घासली, धुतलेल्या चादरी पुन्हा धुतल्या. चौथ्या दिवशी दुपारी नवऱ्याने विचारलं तेव्हा त्यांनी सगळं चार-पाच वाक्यांत सांगितलं. नवऱ्याने खोक्याचं झाकण उचलून आत पाहिलं आणि परत लावलं. एरवी तो पहिल्या वाक्यालाच काहीतरी गंमत करायचा.

"तशीच देऊन टाक," शेवटी तो म्हणाला. "खूण होतीच की चिखलाखाली. खोटं थोडंच आहे?"

त्याच दुपारी प्रमुखांचा फोन आला. बाईंनी पूर्वी पाठवलेला गाडीचा फोटो त्यांनी पाहिला होता. "मानलं तुम्हाला. खूण तर काय सुंदर उठून दिसतेय! आम्ही दिवाही नेमका तिच्यावरच सोडणार आहोत."

बाईंनी आभार मानले आणि फोन ठेवला. मग टेबलाशी बसल्या. कुंडीतली माती वस्त्रगाळ केली, तीत प्लास्टरची चिमूट आणि तपकिरी रंग घातला, आणि एका पुठ्ठ्यावर गोल काढून त्यावर ब्रशने फासून पाहिला. चिखल वाटेना, रंग वाटत होता. घट्ट केला, पातळ केला, बोटाने थोपटला. सातव्या पुठ्ठ्यानंतर त्यांनी ब्रश खाली ठेवला. चिखल कसा लावला होता, हेच त्यांना माहीत नव्हतं.

राग गेला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये तो शेजारी बसल्यासारखा होता, आणि टायरच्या दुकानावरचा जिना चढतानाही होता.

"बाबांचं जेवणावर लक्ष नाही," सून दारातच हळू आवाजात म्हणाली. "काय झालं त्या दिवशी?"

"गाडीचं काम राहिलंय," बाई म्हणाल्या.

त्यांना पाहून उस्ताद उठून उभे राहिले. ऐकून घ्यायच्या तयारीने, हात बाजूला सोडून. बाईंनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, गाडी खोक्यातून काढली, कालवलेल्या चिखलाची डबी उघडली, वही काढली.

"चिखल हाताने फासला की फडक्याने?"

उस्तादांना प्रश्न कळायला वेळ लागला.

"हाताने."

"आडवा की वरून खाली?"

त्यांनी तळवा हवेत उचलला. तो आधी आडवा फिरला, मग सावकाश खाली आला. "आधी आडवा. उरलेला असा."

"बोटांचे माग राहिले होते?"

"वाळल्यावर जास्तच दिसत होते."

"खूण पूर्ण झाकली गेली?"

"डावीकडे वरची कड राहिली. हात पुरला नाही. उजवीकडे दगडावर चढलो होतो, तिथे सगळी झाकली."

बाईंनी सगळं लिहिलं. मग सुईने ब्रशचे केस विंचरून त्यांचे चार पुंजके केले, म्हणजे एका फटक्यात चार बोटांचे माग उठावेत. डाव्या बाजूवर चिखल आडवा फिरवला, मग खाली ओढला. वरची पांढरी कड नखाएवढीही नव्हती, ती ठेवली. लाल दिसेनासं झालं तेव्हा उस्तादांनी तोंड फिरवलं, आणि मग परत वळवलं.

"अगदी असंच होतं," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "पण ही ठेवतील का तिथे? लोक विचारतील."

"विचारू देत. कार्ड मी लिहून देणार आहे. त्या सकाळी गाडी अशी होती."

"कोणी केलं तेही लिहा."

"माहिती कोणी दिली ते लिहावंच लागतं."

उस्तादांनी मान हलवली. त्यांना आणखी काही विचारायचं होतं.

"तुम्हाला माझा राग येत नाही, ताई?"

"येतो," बाई म्हणाल्या. त्यांनी ब्रश पुसला, केस पुन्हा चार पुंजक्यांत वेगळे केले, आणि ओली बाजू कुठे टेकणार नाही अशा बेताने गाडी चाकांखालून उचलली. "उजवी बाजू राहिलीय. आता ही कुशीवर आडवी ठेवता यायची नाही. धरा."

उस्तादांनी दोन्ही तळवे पुढे केले. बाईंनी गाडी त्यांच्यावर ठेवली, चष्म्यावर भिंग ओढलं आणि वाकल्या.

"हलू नका," त्या म्हणाल्या, आणि वरच्या कडेपासून सुरुवात केली.