कॅलेंडरवरचा कुंकवाचा ठिपका

शालूने कबड्डीची जर्सी घडी घालून पेटीत ठेवली, तेव्हाच मारोतरावांना कळलं की पोरीचं काहीतरी बिनसलं आहे. एरवी ती जर्सी दोरीवरून कधी उतरतच नसे. धुतली की दोरीवर, वाळली की अंगावर.

"शालू, वीस तारखेले पवनीले मॅचले जायचं हाय ना? मग जर्सी पेटीत काहून टाकली?"

"मी नाही जाऊन राहिली."

"काहून?"

"असंच."

मारोतरावांनी चुलीवरची भाकर उलटली. ती एका बाजूला जळली होती. बायको मंदा जाऊन चौदा महिने झाले होते आणि अजून त्यांची भाकर एका बाजूला जळतच होती. अड्याळजवळच्या त्यांच्या गावात बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उतरून चिखल करायला त्यांच्याइतका हुशार माणूस नव्हता, पण चुलीपुढे त्यांचं काही चालत नसे. घरात आता दोघंच होती. ते आणि नववीतली शालू.

"असंच म्हणजे कसं व? तू नाही गेली तर चढाईले कोण जाईन? ती डिंपल? तिचा तर रेषा दिसली की पाय पुढं पडत नाही."

शालू हसली, आणि हसता हसता बोलूनही गेली. "बाबा, त्याच दिवशी पाळी आली तर?"

मारोतरावांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. असं काही विचारायचं झालं तर पोर मंदाला विचारायची. पण मंदा नव्हती, आणि जुलैमध्ये सरावाच्या वेळी शालूच्या स्कर्टला डाग लागला, तेव्हाही नव्हती. त्या दिवशी शालू मागून कमरेशी दप्तर धरून घरी आली होती. शेजारच्या मैदानावरची पोरं हसली, असं ती म्हणाली. मारोतराव तसेच चंद्रकुमारच्या मेडिकलवर गेले होते. चंद्रकुमारने पॅडचं पाकीट आधी पेपरात गुंडाळलं, मग काळ्या पिशवीत टाकलं आणि वरून गाठ मारली.

"चंद्रकुमार, जुलाबाच्या गोळ्या मले तू खुल्या देते. त्याची लाज नाही, आन् याची कायची?"

"काका, सगळ्याइले असंच देतो."

"मले नको देऊ. आन् एक नाही, दोन दे."

तेव्हापासून घरात पॅड होते. पण वीस तारखेचं उत्तर त्या पाकिटात नव्हतं.

"मोजून पाहू," मारोतराव म्हणाले. "मोजल्याशिवाय काहून भ्यायचं? मागची कधी आली होती?"

"तान्ह्या पोळ्याच्या दिवशी. तेवीस तारीख होती. आन् गणपती बसले त्या दिवशी संपली. सत्तावीसले."

मारोतरावांनी बोटांच्या पेरांवर मोजायला सुरुवात केली. सत्तावीस तारखेला संपली, तिथून अठ्ठावीस दिवस. मंदा म्हणायची की अठ्ठावीस दिवसांचा हिशेब असतो. ऑगस्टचे एकतीस दिवस धरून पेरं मोजत ते चोवीस सप्टेंबरवर येऊन थांबले.

"चोवीसले येते. तुही मॅच वीसले. चार दिवस मोकळे हायेत. काढ जर्सी."

शालूने पुन्हा एकदा स्वतः मोजलं. चोवीसच आलं. तिने जर्सी काढली, नाकाला लावून पाहिली आणि म्हणाली, "पेटीत ठेवली तर डांबरगोळीचा वास लागला."

पुढचे आठ दिवस पोरीच्या अंगात वारं शिरलं होतं. शाळेतून आली की मैदानावर, मैदानावरून आली की अंगणात. मारोतरावांनी बांधावरून येताना पाहिलं, तर अंगणात ती कोंबडीलाच चढाई करत होती.

मग आला रविवार. शालू घर झाडत होती. भिंतीवरच्या खिळ्यावर दोन कॅलेंडरं होती. वर यंदाचं, आणि त्याच्या खाली मागच्या वर्षीचं. मागचं मारोतरावांनी काढलंच नव्हतं. शालूने दोन्ही उतरवली आणि धूळ झटकता झटकता मागचं उघडून बसली.

"बाबा, आईनं हे कुंकवाचे ठिपके कायले लावले?"

मारोतरावांनी पाहिलं. दर महिन्याच्या पानावर एका तारखेवर बारीक ठिपका होता. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. जूनपर्यंत ठिपके होते. जुलैच्या पानावर नव्हता.

"उपवासाचे असतीन," ते म्हणाले. वीस वर्षं ते ठिपके त्यांनी पाहिले होते आणि वीस वर्षं त्यांना असंच वाटत होतं.

"आई उपवास करत होती?"

मारोतरावांना आठवेना. मंदा उपवासाची नव्हती. एकादशीलाही ती मुकाट्याने कांदा चिरायची. त्यांनी जानेवारीचं पान पुन्हा पाहिलं. ठिपका चौदा तारखेवर होता. संक्रांत. आणि मग त्यांना ती सकाळ आठवली. मंदा दारात उभी राहून म्हणाली होती, "आज मी देवापाशी नाही जात, आताच सुरू झाली. तुम्हीच पूजा करा. आन् तीळगूळ जास्त खाऊ नका, दात दुखते मग."

"पाळीचे हायेत ते," मारोतराव हळू म्हणाले. "तुही आई लिहून ठेवत होती. संक्रांतीच्या सकाळी तिची सुरू झाली, तर पूजा मलेच कराले लावली."

शालू पानं मागेपुढे करू लागली. तिची बोटं भराभर मोजत होती. "अठ्ठावीस. सत्तावीस. तीस. अठ्ठावीस." मग ती थांबली. "बाबा, संक्रांतीच्या सकाळी आईची सुरू झाली होती ना? म्हणजे हा ठिपका पहिल्या दिवसाचा हाय. संपल्याचा नाही."

"हाव."

"मग आपण चुकीचं मोजलं."

तान्ह्या पोळ्यापासून अठ्ठावीस दिवस मोजले, की तारीख बरोबर वीस येत होती.

मारोतराव खाटेवर बसले. ही चूक त्यांनी आयुष्यात दुसऱ्यांदा केली होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी बियाण्याच्या थैलीवर एकशेवीस दिवस लिहिलेले होते. त्यांनी ते रोवणा लावला, म्हणजे रोपं बांधीत लावली, त्या दिवसापासून मोजले. त्याआधी पऱ्हे टाकले, म्हणजे रोपांसाठी बी पेरलं, तेव्हापासूनचे दिवस धरलेच नाहीत. धान पिकून उभा राहिला, दाणे बांधीत गळले, आणि हे मात्र अजून वीस-पंचवीस दिवस आहेत म्हणून निवांत बसले. मंदा त्यावर कितीतरी वर्षं हसली. पाहुणे आले की तिने ती गोष्ट सांगितलीच म्हणून समजा. आज ती असती, तर पोटभर हसली असती.

शालू मात्र हसत नव्हती. तिने जर्सी उचलली आणि पेटी उघडली.

"थांब," मारोतराव म्हणाले. "मले जेवढं समजते तेवढंच मी मोजलं. ज्याले पुरं समजते त्याले विचारू."

सोमवारी ते शालूसोबत शाळेत गेले. विज्ञान शिकवणाऱ्या रुपा मॅडम मधल्या सुट्टीत वर्गात डबा खात बसल्या होत्या. मारोतराव दारातच उभे राहिले. बोलायचं वाटेभर ठरवून आले होते, पण तोंडातून निघालं भलतंच.

"मॅडम, धान एकशेवीस दिवसांचा असला तर ते मोजायचे कुठून?"

रुपा मॅडमनी घास हातातच धरला. "पऱ्हे टाकल्यापासून. तुम्हाला माहीत नाही?"

"माहीत हाय. पण पाळीचं मोजताना विसरलो."

शालूने कपाळावर हात मारला. रुपा मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी डबा बंद केला, खडू घेतला आणि फळ्यावर एक मोठा गोल काढला.

"बसा मारोतराव. शालू, तूही बस. पाळीचा पहिला दिवस म्हणजे चक्राचा पहिला दिवस. इथून मोजायचं. रक्त जातं ते तीन ते सात दिवस. ते कुठलं रक्त? गर्भाशयाच्या आत एक अस्तर तयार झालेलं असतं, ते सुटून बाहेर येतं. घाण नव्हे ती. त्याच दिवसांत इकडे अंडाशयात नवीन अंडं वाढायला लागलेलं असतं. रक्त थांबलं की गर्भाशयात पुन्हा नवं अस्तर चढतं. मग एक दिवस अंडं पिकून बाहेर पडतं. पुढची पाळी यायच्या साधारण दोन आठवडे आधी. त्यानंतर अस्तर वाट पाहतं. मूल राहणार नसलं, तर त्या अस्तराचं काम उरत नाही. ते सुटतं, आणि आपण पुन्हा इथे." खडू गोल फिरून पहिल्या दिवसावर आला.

मारोतराव फळ्याकडे बघत होते. "म्हणजे बांधीतलं पाणी बाहेर सोडायचं, पुन्हा चिखल करायचा, पुन्हा बांधी भरायची."

"जवळपास तसंच. फक्त इथे पंप लागत नाही."

"मॅडम," शालू म्हणाली, "मागची तेवीसले आली होती. म्हणजे मॅचच्या दिवशी, वीसले, येणारच ना? आईचे कॅलेंडरवरचे ठिपके तर अठ्ठावीसच्याच आसपास हायेत."

"कोण म्हणालं? तुझी पाळी सुरू होऊन किती झालं?"

"एक वर्ष."

"मग एकवीस दिवसांनी येईल, पंचेचाळीसांनी येईल, कधीही येईल. तुझ्या वयात अठ्ठावीसचा नेम नसतो. आईचे ठिपके नेमाने पडले, कारण त्या मोठ्या होत्या. तुझं अजून बसायचं आहे. हां, तीन-तीन महिने आलीच नाही, किंवा फार रक्त गेलं, फार दुखलं, तर डॉक्टरला दाखवायचं. एरवी घाबरायचं नाही."

मारोतराव एकदम बोलले, "नव्या बांधीसारखं हाय हे."

"कसं?"

"नवी बांधी काढली की दोन-तीन वर्षं पाणी सारखं थांबत नाही. एकीकडे जास्त, एकीकडे कमी. म्हणून काय कोणी रोवणा बंद ठेवते? माणूस कुदळ खांद्यावर घेऊन फिरते. जिकडे फुटलं, तिकडे माती टाकते."

रुपा मॅडमनी शालूकडे पाहिलं. "ऐकलंस? तुझी कुदळ म्हणजे दप्तरातलं पॅड. गडद रंगाची चड्डी आणि दोन पॅड सोबत. आली तर लावायचं आणि चढाईला जायचं. मी कॉलेजला असताना तशीच खेळले."

"जिंकल्या होत्या?"

"हरलो. पण ते माझ्या गुडघ्यामुळे."

वीस तारखेला मारोतराव मोटारसायकलवर पवनीला गेले. शाळेची पोरं गाडीने आधीच पोचली होती. मैदानाच्या कडेला उभं राहून त्यांनी पाहिलं, शालू काळी चड्डी घालून हातपाय मोकळे करत होती. तिने बापाकडे पाहून मान हलवली. म्हणजे नाही आली. पाठीवर मात्र दप्तर होतंच. खेळाचे गुरुजी ओरडले तेव्हा तिने ते काढून कडेला ठेवलं.

पहिला सामना सुरू व्हायला दहा मिनिटं होती आणि डिंपल दिसेना. मग ती दिसली. भिंतीला पाठ लावून उभी होती, तोंड पांढरं पडलेलं. शालू तिच्याकडे गेली, काहीतरी बोलली, दप्तर उचललं आणि तिला घेऊन बायकांच्या संडासाकडे गेली. दोघी परत आल्या तेव्हा डिंपलच्या अंगात शालूची जास्तीची काळी चड्डी होती. थोडी मोठी होत होती. तिने नाडी घट्ट बांधली होती.

त्या सामन्यात डिंपलने रेषा ओलांडून तीन गडी मारले. मारोतरावांना स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. दुसऱ्या सामन्यात मात्र मुली चार गुणांनी हरल्या. परतीच्या वाटेवर शालू मोटारसायकलवर मागे बसली होती.

"डिंपलले काय म्हटलं तू?"

"पहिल्या दिवसापासून मोजायचं म्हटलं. तिनं कधी मोजलंच नव्हतं. आन् म्हटलं, पाळी आली म्हणजे पाय नाही तुटत."

"आन् तिनं?"

"म्हणे, तुह्या बाबानं शिकवलं का? मी म्हटलं, हाव. थोडं चुकीचं शिकवलं होतं."

मारोतरावांनी गाडी थांबवली नाही, पण थोडी हळू केली. समोरच्या बांधींमध्ये धान पोटरीत आला होता, लोंब्या अजून आतच होत्या.

पंचवीस तारखेला सकाळी शालू देवळीतून मंदाची कुंकवाची डबी घेऊन कॅलेंडरपाशी आली. बोटाचं टोक बुडवलं आणि पंचवीसवर एक ठिपका ठेवला. थोडा मोठा पडला.

मारोतरावांनी चुलीपुढून मोजलं. "तेहतीस. बांधी अजून बसली नाही."

"बाबा, मी बांधी नाही."

"बरं, नाही. पोटात दुखते का?"

"थोडंसं. भाकर जळून राहिली पाहा."

मारोतरावांनी घाईने भाकर उलटली. या वेळी एकच डाग पडला होता, रुपयाएवढा. त्यांनी ती शालूच्या ताटात वाढली आणि डाग खाली येईल अशी ठेवली. शालूने ती उलटी करून पाहिली आणि खाल्ली.