दादाचं कापड, धाकटीची शिलाई

तंबूत झोपलेली गिऱ्हाइकं सकाळी भिजून उठत, आणि तंबूंचं दुकान चालवणारा दादा खापर फोडी ते धाकट्या बहिणीवर. "हिची शिलाई गळते," असं तो चारचौघांत सांगे. शेवटी त्याने तिला बापाच्या दुकानातून काढलंच. तेव्हापासून धाकटीच्या पोटात जी आग पेटली, ती विझावी अशी तिची इच्छाही नव्हती.

दोष कापडाचा होता. तंबूवर ताणायच्या पावसाळी आच्छादनासाठी दादाने निवडलेलं नायलॉन जाड, चकचकीत आणि हवा कोंडणारं. त्याला झरोका ठेवायचा म्हटलं की दादाच्या कपाळाला आठ्या. दमट हवेत आतल्या माणसाच्या श्वासाची वाफ त्या कापडाला धरायची आणि पाणी होऊन अंगावर टपकायची. हे सांगून सांगून धाकटीचं तोंड दुखलं होतं.

यंदा गिर्यारोहण क्लबच्या बाईंना तळ्याकाठच्या शिबिरासाठी तंबू हवे होते. त्यांनी दादाकडून आणि आता घरीच तंबू शिवणाऱ्या धाकटीकडून नमुने मागवले. धाकटीचं आच्छादन पॉलिस्टरचं: ओलं झालं तरी न लोंबणारं, आतल्या तंबूपासून वीतभर वर, माथ्याशी झरोका. मग ती अगदी गोड आवाजात बाईंना म्हणाली, "दादाचंही मीच शिवते. कापड त्याचं, शिलाई माझी. त्यालाच झोपू दे आत. शिलाई गळली तर मी हा धंदा सोडेन."

दादाला हे आयतंच मिळालं. त्या रात्री तळ्याकाठी, उघड्यावरच्या शेकोटीशेजारी दोन्ही तंबू लागले; आभाळ भरून आलेलं होतं. त्याने आपल्या तंबूची चेन पार टोकापर्यंत ओढली आणि ढाराढूर झोपला.

सकाळी तो बाहेर आला तो निथळतच, पण चेहरा खुललेला. "बघा, सांगत होतो ना? हिची शिलाई गळते. सगळा पाऊस आत."

बाई कालच्या शेकोटीपाशी वाकल्या, चिमूटभर राख उचलली आणि त्याच्यासमोर धरली. राख कोरडीठाक होती.

"पाऊस पडला कुठे रात्री?" त्यांनी विचारलं.

दादा शेकोटीभोवतीची कोरडी माती पायाने उकरू लागला.

"तुझ्याच तोंडची वाफ आहे ती," धाकटी म्हणाली. "इतकी वर्षं माझ्या नावावर खपवलीस."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. धाकटीला फार बरं वाटलं, लाज वाटावी इतकं बरं. दादाने कुडकुडत तिच्या खांद्यावरच्या टॉवेलकडे हात केला. तिने त्या टॉवेलने आपला चहाचा पेला पुसला, नीट घडी घातली आणि पिशवीत ठेवून दिला.