तिकडचा दवाखाना

गल्लीत तिला सगळे बेबी म्हणायचे. नोकरीला लागली तरी बेबीच, पहिला पांढरा केस दिसला तरी बेबीच. त्यामुळे समितीच्या सभेत तिने तोंड उघडलं की ते बेबीचं बोलणं ठरायचं, म्हणजे हसून सोडून द्यायचं.

तिचं बोलणंही एकच होतं. समितीची दुमजली इमारत होती. खाली ऐसपैस खोलीत समिती बसायची: लांब टेबल, करंडकांचं कपाट, पत्ते कुटायला कोपरा. आणि वर, अंधाऱ्या उभ्या जिन्याच्या टोकाला, गल्लीचा दवाखाना. ज्यांना धड चालता येत नाही त्यांनी चढायचं आणि धडधाकट माणसांनी खाली पंख्याखाली बसायचं, अशी सुटसुटीत व्यवस्था होती. बेबी म्हणायची, "अदलाबदल करा." तिच्या आईला साखरेचा आजार, त्यात गुडघे कामातून गेलेले. आईने जिन्याला हात जोडून दवाखानाच सोडला होता. जुन्याच गोळ्या चालू होत्या. मोठ्या इस्पितळात नेते म्हटलं की म्हणायची, "एवढ्याशा साखरेसाठी? मला काय धाड भरलीय?"

समितीचे अध्यक्ष बेबीचे सख्खे काका.

"बेबी," ते समजूत घालत म्हणायचे, "समिती लोकांच्या जवळ पाहिजे. वर गेली की लोकांपासून तुटली. आणि आम्ही ह्या वयात जिने चढायचे का?"

सभासद माना डोलवायचे. मग काका म्हणायचे, "जरा चहाचं बघ."

अशात एका संस्थेने समितीकडे एक जागा देऊ केली. ही संस्था तरुणांना परदेशात सेवेला न्यायची आणि तीन आठवड्यांत समाजाचे नेते करून परत आणायची. लोणचंसुद्धा एवढ्यात मुरत नाही, पण नेत्याचं वेगळं असतं. काकांनी अर्थातच आपल्या चिरंजीवांचं नाव दिलं. तिथे अंघोळीला गार पाणी आहे हे कळल्यावर चिरंजीवांना ताप भरला. जागा फुकट जाऊ नये म्हणून बेबीला पाठवलं. "जा, जग बघ," काका म्हणाले, "मग बोल."

तर बेबी विमानात बसून, समुद्र ओलांडून, एक कुंपण रंगवायला गेली. कुंपण चांगलं होतं. आदल्या तुकडीने रंगवलेलं होतं. गावचे रंगारी हाताची घडी घालून बघत उभे राहायचे आणि पाहुण्यांनी ब्रश उलटा धरला की सभ्यपणे दुसरीकडे बघायचे. रोज संध्याकाळी गोल बसून प्रत्येकाने स्वतःत काय बदल झाला ते सांगायचं. बेबीचा फक्त सदरा बदलला होता, रंग सांडल्यामुळे, पण तिनेही काहीतरी सांगितलं.

ज्या घरी ती उतरली होती तिथे तिच्याच वयाची मुलगी होती. मुलीचे वडील काठी टेकत चालायचे. एका दुपारी ते एका इमारतीपाशी जिन्याच्या पायरीवर बसून धापा टाकताना दिसले. वर दवाखाना होता. खाली गावची समिती. खिडकीतून करंडक दिसत होते.

बेबी पोट धरून हसली. मुलगी चिडली. "ह्यात हसण्यासारखं काय आहे?" तिने मोडक्या इंग्रजीत विचारलं. बेबीने त्याहून मोडक्या इंग्रजीत आपलं सगळं रामायण सांगितलं. मग दोघी हसल्या.

"परवा निरोपाची सभा आहे," मुलगी म्हणाली. "तू सांग त्यांना. मी इथलीच, माझं कोण ऐकतं? अजून लाडाच्या नावाने हाक मारतात मला."

निरोपाच्या सभेत बेबी उठली आणि धडधडीत खोटं बोलली. "आमच्याकडे दवाखाना खाली असतो. समिती वर बसते."

तिथल्या अध्यक्षांनी आ वासला. पाहुणे लोक किती पुढे गेलेत! बेबी परत निघाली त्या सकाळी तिथले सभासद लांब टेबल जिन्यात तिरकं घालून वर ढकलत होते. मुलीने लांबून हात हलवला.

इकडे आल्यावर पहिल्याच सभेत बेबी उठली. ह्या खेपेला खोटं बोलायची गरज नव्हती.

"तिकडे दवाखाना खाली असतो," ती म्हणाली.

कोपऱ्यातल्यांनी पत्ते खाली ठेवले.

"परदेशात?" काकांनी विचारलं.

"हो. समिती वर."

"मी तर कधीपासून म्हणतोय," एक सभासद म्हणाले. आठवड्याभरात अदलाबदल झाली. ज्यांना ह्या वयात जिना झेपत नव्हता तेच करंडक पोटाशी धरून टणाटण वर गेले. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. खरं आहे, पण तोच माल परदेशाचा शिक्का मारून आणला की रांग लागते.

पहिल्याच दिवशी बेबीने आईला खाली नेलं. डॉक्टरीणबाईंनी आईच्या डोळ्यांत उजेड टाकून पाहिलं आणि हसणं थांबवलं. मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे कळलं ते असं: साखरेने उजवा डोळा गेला. डावा वाचेल.

"वर्षभर आधी आला असतात, तर दोन्ही वाचले असते," तिथले कागद बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आईने कुणाला सांगितलंच नव्हतं. कमी दिसतं ते वयामुळे, असं तिने ठरवून टाकलं होतं. बेबीला काकांचा राग आला, आईचा आला, आणि सगळ्यात जास्त आपण आणलेल्या चहाच्या एकेका कपाचा आला.

मग समितीने बेबीचा सत्कार ठेवला. समितीच्या खोलीत, म्हणजे वर. आई खाली दवाखान्याच्या बाकावर बसून राहिली. "आवाज येतो की इथे," ती म्हणाली.

काकांनी भाषण केलं. तीन आठवड्यांत परदेशाने आमच्या पोरीला नेता केलं, वगैरे. मग बेबी उठली.

"हे मी तिकडे शिकले नाही," ती म्हणाली. "इथे, ह्याच समितीपुढे, मी कितीतरी वर्षं..."

"किती नम्र आहे," कुणीतरी म्हणालं. टाळ्या पडल्या. काका पुढे वाकून कुजबुजले, "बेबी, तिकडचं सांग, तिकडचं."

बेबीने जिन्याकडे पाहिलं. तो अजून अंधाराच होता. उद्या कुणी पडलं असतं.

"तिकडे," ती म्हणाली, "जिन्याला कठडा असतो. आणि दिवा."

"वा!" काका म्हणाले आणि लगेच सुताराला फोन लावायला सांगितला.

बेबी भिंतीला धरून खाली आली. पावलं ऐकून आईने पूर्ण मान वळवली, तेव्हा कुठे तिला बेबी दिसली.

"झालं का गं? काय बोललीस?"

"तिकडचं," बेबी म्हणाली. आणि जाऊन आईच्या उजव्या बाजूला बसली, कारण तिला रडायचं होतं, आणि त्या बाजूचं आईला आता दिसत नव्हतं.