भर उन्हात उघडलेली पाठ

साहेब, भर उन्हात माझी पाठ तुम्ही उघडलीत. चुकून नाही, घाईगडबडीत नाही. मला आतून जाळायचं म्हणून उघडलीत. आणि त्याच हातांनी नंतर एका आईला नमस्कार केलात. तुमचं नाव मी घेणार नाही. तुम्ही काय केलंत ते तुम्हाला माहीत आहे आणि मला माहीत आहे. हे ऐकायला बसलेल्या मुलांना माहीत नाही. म्हणून आज त्यांच्यासमोर सांगतो. तुम्हीही बसा आणि ऐका.

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. रोल घालायचा, काळा, हातात मावेल एवढा. माझ्या पोटात आता काही नाही, पण मन मात्र रिकामं होत नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या कारखान्यात झाला. तिथे मला दोन गुण मिळाले. पहिला गुण असा, की बटण दाबून मला ठेवून दिलं तर माझ्या कपाळावरचा लाल दिवा लुकलुकतो, तेवढ्या वेळात तुम्ही पळत समोर येऊन उभं राहायचं, मग मी आपोआप फोटो काढतो. फोटोग्राफर लागत नाही. दुसरा गुण नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. इतर कॅमेरे फोटो काढत जातात तशी फिल्म रोलच्या डबीतून बाहेर येत जाते. माझं उलटं. रोल घातला की मी आधी सगळी कोरी फिल्म बाहेर ओढून घेतो. मग एकेक फोटो काढून झाला की तेवढी फिल्म परत डबीत सरकवतो. डबीत ऊन शिरत नाही. ही माझी सवय कुणालाच ठाऊक नव्हती. विकणाऱ्याला नव्हती, घेणारीला नव्हती. साहेब, तुम्हालाही नव्हती.

नाशिकच्या एका घरात मी चार बारशी, दोन लग्नं काढली. सगळे म्हणाले, काय छान येतात फोटो! मग नवा कॅमेरा आला आणि मी गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात, जुन्या कुलपांशेजारी, गोणपाटावर आलो. तिथे मला मीनाने उचललं.

मीना पेठकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावरची. वय एकोणीस. द्राक्षांच्या हंगामात आई कुसाबाईबरोबर पिंपळगावला यायची. आई मळ्यात तोडणीला जायची आणि मीना तिथल्या एका पॅकहाउसमध्ये काम करायची. घडातले खराब मणी बारक्या कात्रीने काढायचे आणि घड पेटीत भरायचे, हे तिचं काम.

"चालतो का ओ हा?" तिने विचारलं.

"चालतो काय म्हणती, पळतो!" दुकानदार म्हणाला.

"मग पळून का नाय गेला? इथंच बसलाय तुमच्यापाशी."

तिच्याबरोबर ज्योत्स्ना होती. पिंपळगावचीच, मीनाच्या शेजारी बसून काम करणारी, तिची जिवाभावाची मैत्रीण. ती इतकी हसली की दुकानदारही हसला, आणि त्या हसण्यातच माझा सौदा झाला.

पण मीनाला कॅमेरा हवा कशाला होता? ते ऐका.

दर हंगामात पॅकहाउसचे मालक, म्हणजे हे साहेब, स्टुडिओवाल्या ललितभाऊंना बोलवायचे. सगळ्या बायांना ओळीत उभं करून मोठा फोटो काढला जायचा. तो परदेशी व्यापाऱ्यांना जायचा आणि एक साहेबांच्या खोलीत भिंतीवर लागायचा. फोटोत सगळ्यांनी टोपी घालायची, तोंडाला मास्क लावायचा. किती स्वच्छता, बघा! मीनाने तो फोटो पाहिला आणि शोधत बसली.

"ज्योते, यात मी कुठली गं?"

"काय माहीत बाई. डोळे मिटलेली मी असंन."

त्यांना स्वतःलाच स्वतः सापडेनात. मग मीना पैसे साठवून ललितभाऊंच्या स्टुडिओत एकटी फोटो काढायला गेली. त्यांनी तोंडाला पावडर लावायला लावली. म्हणाले, "दात झाक. मान तिरपी कर. काळी येशील नाहीतर." फोटो आला तेव्हा कुसाबाईने तो उलटा-सुलटा केला आणि म्हणाली, "ही कोणाची पोर आणली गं?" मीनाने तो फोटो चुलीत घातला. आणि पुढच्या बुधवारी मला घेऊन आली.

मला पुष्कळांनी हाताळलं आहे, मित्रांनो, पण तिच्यासारखं कुणी नाही. जेवणाच्या सुट्टीत ती मला ॲप्रनच्या खिशातून काढायची. फोटोची जागा तिने शोधून काढली होती. द्राक्षं गार करायची बंद खोली. तिथली भिंत पांढरीशुभ्र, अगदी स्टुडिओसारखी. तिथे एकेका बाईला उभी करायची आणि दम द्यायची, "मास्क काढ. टोपी काढ. दात दिसू दे, दिलेत कशाला देवानं?" पेट्यांच्या चवडीवर मला ठेवून बटण दाबायची, आणि स्वतः पळत जाऊन मध्ये घुसायची. लाल दिवा लुकलुकायचा. बाया श्वास रोखून धरायच्या. मग फक्कन उजेड, आणि सगळ्यांचा एकच गलका.

त्या खोलीत अलीकडे वास यायचा. वरच्या नळांतून खोली गार करणारा अमोनिया गॅस थोडा थोडा गळत होता. बायांचे डोळे चुरचुरायचे. मीनाने साहेबांना सांगितलं, मी तिच्या खिशातच होतो. साहेब, आठवतंय तुम्ही काय म्हणालात? "कांदा कापल्यासारखं होतं का? मग सटाण्याला जा, कांद्याच्या खळ्यावर. इथं नखरे नकोत." आणि तुमच्यासमोरचे दोघे हसले.

मार्च महिना होता, दोन हजार साल. दुपार. रोलमध्ये थोडेच फोटो उरले होते. मीना म्हणाली, "आज फक्त आपल्या दोघींचा." मला पेटीवर ठेवलं, बटण दाबलं, पळत ज्योत्स्नाशेजारी जाऊन उभी राहिली. तिच्या खांद्यावर हात टाकला. माझा दिवा लुकलुकायला लागला.

आणि वर काहीतरी फुस्स झालं.

मीनाने मान वळवून वर पाहिलं. त्याच क्षणी मी फोटो काढला. मी काय करणार? वेळ झाली की मला काढावाच लागतो.

पांढरा धूर खाली उतरला. ज्योत्स्नाने मीनाचा हात ओढला. दोघी पळाल्या. दारापर्यंत पोहोचल्या, प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा मीनाच्या अंगाला लागला. आणि तिथे ती थांबली.

"कॅमेरा!"

"मरू दे तो! मीने, चल!"

ती वळली. माझ्यासाठी वळली, मित्रांनो. मला कुणी विचारलं असतं तर मी ओरडून सांगितलं असतं, जा, मी भंगार आहे, जा! पण मला डोळा दिला, तोंड दिलं नाही. तिने चाचपडत मला उचललं. मग तिला दार सापडेना. मी तिच्या मुठीत होतो. मूठ घट्ट होत गेली. मग तशीच राहिली.

पुढचं, साहेब, तुम्हालाही ठाऊक आहे. तोंडाला ओला टॉवेल बांधून तुम्ही आत आलात. तिच्यापाशी वाकलात. एकेक बोट सोडवून मला काढून घेतलंत. मग दोन माणसांकडून तिला मागच्या दाराने नेलंत आणि रस्त्याच्या कडेला लिंबाखाली ठेवलंत. लोक जमल्यावर तुम्ही सांगितलंत, ही पोरगी आज कामाला आलीच नव्हती, रस्त्यात चक्कर येऊन पडली.

ज्योत्स्ना डोळे चोळत, खोकत तुमच्या खोलीत आली. "साहेब, ती आत होती. माझ्याबरोबर होती."

तुम्ही भिंतीवरच्या मोठ्या फोटोकडे बोट केलंत. "दाखव, यात मीना कोणती?"

ती बघत राहिली. नुसत्या टोप्या आणि मास्क.

"बघ. तुझं तुलाच कळत नाही. आत कोण होतं, कोण नव्हतं, धुरात काय दिसणार?"

बाकीच्या बाया खाली बघत उभ्या होत्या. हंगाम अजून संपायचा होता.

मग तुम्ही अंगणात येऊन माझी पाठ उघडलीत. लांबलचक फिल्म उन्हात चमकली. तुम्ही ती डोळे भरून पाहिलीत. झाकण लावलंत. संध्याकाळी कुसाबाईपुढे तिच्या पोरीची पिशवी, जेवणाचा डबा आणि मला ठेवून हात जोडलेत.

कुसाबाईने डबा उघडला. अर्धी भाकर उरली होती.

"सायेब, पोर आलीच नव्हती म्हंता. मंग हा डबा कोनी आनला?"

"बाई, तुम्ही आत्ता दुःखात आहात," तुम्ही म्हणालात आणि आत गेलात.

ज्योत्स्नाने फिल्म उघडलेली लांबून पाहिली होती. तिने कुसाबाईला सांगितलं, "मावशी, रोल जाळला. आता काही नाही राहिलं."

असा मी पाड्यावर आलो. मीनाचा एकही फोटो घरात नव्हता. एकच होता, तो तिनेच चुलीत घातलेला. म्हणून कुसाबाईने फोटोच्या जागी मलाच फळीवर ठेवलं. हळद लावली, कुंकू लावलं. कुंकवाचा एक ठिपका माझ्या काचेवर पडला, तेव्हापासून मला सगळं लाल दिसायचं. ती माझ्याशी बोलायची. "जेवली का गं?" विचारायची. आणि मी तिच्या समोर, तिची लेक पोटात घेऊन बसलेला. हसणारी, दात दाखवणारी, हात कमरेवर ठेवलेली. डबीत होती सगळी, सुखरूप होती. आई हात लावून नमस्कार करायची, पण उघडून बघायची नाही. मित्रांनो, यापेक्षा मोठी शिक्षा कुणाला झाली असेल तर मला सांगा.

पितरांच्या दिवशी पान वाढलं. कुसाबाई मला पुसायला गेली आणि तिचा अंगठा बटणावर पडला. माझ्यात थोडा जीव शिल्लक होता. लाल दिवा लुकलुकायला लागला. कुणी काही सांगितलं नाही, तरी घरातली सगळी माणसं हळूहळू माझ्याकडे तोंड करून बसली. कुणी पदर सारखा केला. आणि मध्ये एक जागा सोडली. दाराकडे बघत राहिली, पळत येणाऱ्या पावलांसाठी. मीही वाट पाहिली.

फक्कन उजेड पडला. जागा रिकामीच होती. तो फोटो जळक्या फिल्मवर गेला, म्हणजे कुठेच गेला नाही. त्यानंतर माझा दिवा कधी लागला नाही.

बारा वर्षं गेली. मोबाइलमध्ये कॅमेरे आले. जो तो स्वतःचा फोटो स्वतः काढू लागला. ललितभाऊंच्या स्टुडिओत माशा बसू लागल्या. अशात ज्योत्स्ना पाड्यावर आली. तिला लेक झाली होती, तिचं नाव तिने मीना ठेवलं होतं. "मावशी, पोरगी विचारती, माझं नाव कुणाचं. मीनाचं तोंड नाही दाखवता येत मला. एकदा ललितभाऊंना दाखवून तर आणू याला."

ललितभाऊंनी मला काळ्या पिशवीत घातलं, हात आत घालून माझी पाठ उघडली, बोटांनी चाचपलं. मग पुन्हा एकदा चाचपलं.

"कोण म्हणालं रोल जळाला? अगं, हा उलटा चालतो! काढलेले फोटो डबीत आहेत."

ज्योत्स्नाने पिशवीतून पैसे काढून त्यांच्यापुढे ठेवले.

नाशिकहून फोटो धुऊन आले. रंग उतरले होते, पण माणसं होती. पांढरी भिंत, पॅकहाउसच्या नावाच्या पेट्या आणि उघडी तोंडं, एकेक ओळखू येणारं. शेवटचा फोटो डबीच्या तोंडाशी राहिला होता, तो अर्धा उन्हाने खाल्लेला. ज्योत्स्नाच्या जागी नुसता पांढरा उजेड, त्यातून आलेला एक खांदा. त्या खांद्यावर मीनाचा हात. मीना वर बघते आहे. तिच्या डोक्यावर नळ, आणि नळातून निघालेला धूर.

ललितभाऊंनी तो फोटो उलटा केला. मग म्हणाले, "मागं माझ्या स्टुडिओचा शिक्का मारून देऊ का? वजन येईल."

"नको भाऊ," ज्योत्स्ना म्हणाली. "तुम्ही नाही काढला. आम्ही काढलाय."

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखा कुणी धूळ खात पडला असेल तर त्याला देव करू नका आणि भंगारातही टाकू नका. त्याच्या पोटात काय आहे ते आधी पाहा. आणि आपला फोटो आपण काढायला लाजू नका. दुसऱ्याने काढलेल्या फोटोत तुम्ही त्याला हवे तसे दिसता. आपण काढलेल्यात आपण असतो.

आज कुसाबाई आणि ज्योत्स्ना साहेबांच्या खोलीत आल्या आहेत. साहेबांचे केस पिकले आहेत. भिंतीवर नवा मोठा फोटो आहे, तशाच टोप्या, तसेच मास्क. साहेबांनी मीनाचा तो शेवटचा फोटो हातात घेतला, खाली ठेवला.

"हा काढला कुणी?"

"मीनानं," ज्योत्स्ना म्हणाली.

"म्हणजे स्वतःचा स्वतःच?" साहेब हसले. "फोटोग्राफर नाही, शिक्का नाही, सही नाही. असला घरगुती फोटो कुठं चालतो का?"

"मला पैसा नको सायेब," कुसाबाई म्हणाली. "माझी पोर हितं मेली, येवढं बोला." मग तिने पिशवीतून मला काढलं आणि तुमच्या टेबलावर ठेवलं. "नसंल बोलायचं तर ह्याच्याकडं बघा."

बघा साहेब. कुंकू पुसलं आहे. काच स्वच्छ आहे. फोटो चालत नसेल तर नको. मी एवढंच विचारतो, आणि उत्तर ऐकल्याशिवाय या टेबलावरून उठणार नाही. ती त्या दिवशी आलीच नव्हती, तर त्या बंद खोलीत, त्या धुरात, एकेक बोट सोडवून तुम्ही मला काढून घेतलंत, ती मूठ कुणाची होती?