पेठ्याचा पाय

लाइट गेली तेव्हा केशव काचेच्या टाकीपासून चार हात लांब, खुर्चीत बसून चहा पीत होता, आणि तरी त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं पाण्यात होती. टाकीतलं पाणी आता तापायला लागणार, हे त्या बोटांना सगळ्यात आधी कळलं. तर्जनीला आणि मधल्या बोटाला. नवल एवढंच, की ही दोन बोटं केशवला नव्हतीच. एकोणीस वर्षांपूर्वी एका मंगल कार्यालयात तो कूलर दुरुस्त करत असताना कोणीतरी बटण दाबलं आणि पंख्याच्या पात्यानं दोन्ही मुळापासून नेली.

“गेली वं लाइट,” तो म्हणाला.

“मले दिसते ना,” शामला, त्याची बायको, स्वयंपाकघरातून म्हणाली. “पंखा बंद पडला तो काय भुतानं बंद केला? आता चार वाजेपर्यंत वाट पाहा.”

नवतप्याचा, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांतला, तिसरा दिवस होता. साडेअकरालाच पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेला होता आणि मानेवाड्याच्या त्या गल्लीत चिटपाखरू नव्हतं. कुत्रीसुद्धा नालीत जाऊन पडली होती. केशव हा कूलर मेकॅनिक. तीस वर्षं त्यानं अर्ध्या नागपूरला गारवा पुरवला, आणि आज स्वतःच्या घरातलं तीन बादल्या पाणी त्याला गार ठेवता येत नव्हतं. ऐन सीझन, सकाळपासून गिऱ्हाइकांचे फोन, आणि हा गडी कामधंदा सोडून एका पांढऱ्या जनावरापुढे बसलेला. लोकांनी पाहिलं असतं तर वेड्यात काढलं असतं.

जनावराचं नाव पेठा आणि जात ॲक्सोलॉटल, थंड पाण्यातच जगणारी, सरड्यासारखी. वैभवीनं, त्यांच्या एकुलत्या मुलीनं, मार्चमध्ये ते एका मासेवाल्याच्या दुकानातून आणलं होतं. वीतभर लांब, कोहळ्याच्या पेठ्यासारखं पांढरं आणि आरपार दिसेल की काय असं अंग, मानेच्या दोन्ही बाजूंना लाल तुऱ्यांसारखे कल्ले, डोळ्यांना पापण्या नाहीत आणि तोंडावर कायमचं हसू. दुकानात दुसऱ्या जनावरानं त्याचा पुढचा उजवा पाय तोडून खाल्ला होता. “पाय परत येतो याचा, बाबा. बोटांसकट येतो,” असं वैभवीनं सांगितलं तेव्हा पोरगी फेकते आहे असंच केशवला वाटलं. मग तिला बंगलोरला नोकरी लागली, उन्हाळ्यात जनावर नेता येईना, आणि पेठा बापाच्या गळ्यात पडला. शामला त्याला पांढरी पाल म्हणे. त्या खोलीतून जाताना ती नाकाला पदर लावायची, वास कसलाही येत नसला तरी.

एप्रिलच्या मध्यावर एका सकाळी केशवच्या नसलेल्या मधल्या बोटात ठणका लागला. बोटं गेली तेव्हा पहिली दोन-तीन वर्षं असं व्हायचं. मेंदूला पटायला वेळ लागतो, असं डॉक्टर म्हणाले होते. पुढे दुखणं शमलं, बोटं मात्र असल्यासारखी वाटत राहिली. पण हा ठणका निराळा होता, नवं नख फुटावं तसा. तो उठून टाकीपाशी गेला, तर पेठ्याच्या थोट्या पायाला मोहरीएवढा कोंब आला होता.

केशव त्यावर मूग गिळून बसला. बायकोला सांगावं तर ती ताजबागच्या दर्ग्यात धागा बांधायला नेणार, मुलीला सांगावं तर ती डॉक्टरकडे धाडणार. पण रोज सकाळी तो टाकीशी जाऊन बघायचा. कोंबाला एक रेघ पडली त्या दिवशी त्याची तर्जनी खाजली. पायाचं पहिलं बोट सुटं झालं, मग दुसरं झालं. एकदा त्यानं डोळे मिटले, हात पाठीमागे धरला आणि त्या नसलेल्या बोटांनी टाकीतल्या पाण्याचा अंदाज घेतला. एकोणीस. उठून थर्मामीटर पाहिला, तर बरोबर एकोणीस. त्याच्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगायचं तर त्याला आनंदही झाला. आपलं काहीतरी परत येतंय असं त्या माणसाला वाटायला लागलं. कुठून आणि कसं, हे तो स्वतःलाही विचारत नव्हता.

पुढच्या पायाला चार बोटं लागतात. आज सकाळी केशवनं पाहिलं तेव्हा दोनच होती. पाय पुरा व्हावा, एवढीच त्याची इच्छा, आणि त्यासाठी पेठा जगायला हवा होता. म्हणून त्यानं टाकीवर कूलरचा जुना पंखा बसवला होता, बाजूला वाळ्याची ओली ताटी लावली होती, आणि फ्रीजमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवून तो आळीपाळीनं टाकीत सोडायचा. आता पंखाही बंद आणि फ्रीजही बंद. बारा वाजता शेवटची बाटली विरघळली. पेठ्याचे कल्ले पुढे वळले, शेपटीच्या टोकाला आकडा पडला. केशवनं चिमट्यात गांडूळ धरून तोंडाशी नेलं, तर त्यानं तोंड फिरवलं आणि नेहमीसारखं हसत केशवकडे बघत राहिला. केशवनं वैभवीला फोन लावला.

“किती आहे पाणी, बाबा?”

“सव्वीस झालं. तो खाऊन नाही राहिला. नुसता पाहून राहिला माह्याकडे.”

“घाबरू नका. बर्फ मिळतो का बघा. बर्फ सरळ पाण्यात टाकायचा नाही, टाकीच्या भोवती लावायचा. आणि तांब्या-पितळेचं काही पाण्यात जाऊ देऊ नका, तांबं त्याला विष असतं. आईलाही सांगून ठेवा.”

“तुही माय इकडे पाहतबी नाही, तिले काय सांगू,” केशव म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

सांगायला काय लागत होतं? चार शब्द. पण गेला दीड महिना टाकीपाशी जे काही चाललं होतं, ते त्याचं एकट्याचं होतं, आणि त्यात कोणाला घ्यायला तो तयार नव्हता, बायकोलाही नाही. चांगल्या माणसाचाही असा एखादा कोपरा असतो आणि तिथं तो चिक्कूपणा करतो. केशवनं डोक्याला दुपट्टा बांधला, उन्हाच्या झळा लागू नयेत म्हणून खिशात कांदा टाकला आणि स्कूटर काढली.

“मी बरफ घेऊन येतो. लक्ष ठेव त्याच्यावर.”

“एवढ्या उन्हात? लू लागली म्हंजे?”

“मरून जाईल वं तो.”

शामला काही तरी खरमरीत बोलणार होती, पण तिनं नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि दार उघडून धरलं. असा चेहरा तिनं एकदाच पाहिला होता, दवाखान्यात, हाताचं बँडेज पहिल्यांदा सोडलं तेव्हा.

रस्त्यावर माणूस नव्हतं. दुकानांची शटरं अर्ध्यावर ओढलेली, डांबर चाकाला चिकटत होतं. केशव स्कूटर चालवत होता आणि त्याची दोन बोटं भाजत होती. तीन बोटं स्कूटरच्या मुठीवर होती, ती ठीक होती. नसलेली दोन जळत होती. कॉटन मार्केटजवळच्या बर्फाच्या कारखान्यात लस्सीवाल्यांची आणि रसवंतीवाल्यांची रांग होती. तो रांगेत उभा राहिला. एकेक लादी बाहेर येत होती, पोत्यात गुंडाळली जात होती, आणि त्याची आग वाढत चालली होती.

मग एकाएकी आग थांबली. बोटांना गार पाणी लागलं. माठातल्या पाण्याचा असतो तसा गारवा, वाळ्याच्या वासाचा. केशवचे डोळे भरून आले. लाइट आली असेल, त्याला वाटलं, वाचला. पण पाठोपाठ दुसरा एक वास आला, आणि तो वास त्यानं तीस वर्षं हातांवर वागवला होता. कूलरच्या मोटारीच्या तारा दिवसभर गुंडाळल्यावर हाताला येतो तो, तांब्याचा. त्याची बोटं आखडली. मग ती एकेक करून सुटी झाली, ताणली गेली, पुरती उघडली. इतकी खरी ती एकोणीस वर्षांत कधी वाटली नव्हती. केशवनं खाली बघितलं, ती दिसतील म्हणून.

आणि मग काहीच नाही. ना ठणका, ना खाज, ना गारवा. तिथं नुसती हवा होती.

“भाऊ, तुमची लादी,” कारखान्यातला माणूस म्हणाला. केशवला ऐकू आलं नाही. त्या माणसानं दुसऱ्यांदा सांगितलं.

लादी पायाशी ठेवून तो घरी आला. येताना घाई केली नाही, कारण घाईचं काही उरलं नव्हतं. शामला दारात उभी होती. घामानं डबडबलेली, पण खूश.

“या, पाहा कसा गार झाला तो,” ती म्हणाली. “तुमी गेले अन् थो उलटा व्हाले लागला. माह्याच्यानं पाहवलं नाही. भिवापूरहून आईनं देल्लं गंगाळ काढलं, चिंच-मीठ लावून घासलं, अन् दोन्ही माठांतलं पाणी ओतलं त्याच्यात. मी उचलला त्याले, या दोन हातांनी. चावला नाही काही. मांजराच्या पिल्लावानी चिकटला हाताले. आधी तडफडला थोडासा, मंग शांत झाला.”

खोलीच्या मधोमध तांब्याचं गंगाळ होतं. घासूनपुसून असं लख्ख केलेलं, की बंद खोलीतही त्याचा उजेड भिंतीवर पडला होता. तळाशी पेठा होता. त्याच्या तोंडावर तेच हसू आणि डोळे उघडे, त्यामुळे बघणाऱ्याला काही कळलं नसतं. केशव खाली बसला. त्यानं हात पाण्यात घातला आणि त्या जनावराला पहिल्यांदाच तळहातावर घेतलं. अंग गार होतं. उजवा पाय त्याच्या अंगठ्यावर येऊन पडला.

त्यानं मोजलं. पुन्हा मोजलं. चार बोटं होती. सकाळी दोन असलेल्या पायाला आता चार बोटं होती, एकेक सुटं, शेवटचं तिळाएवढं पण पुरं.

“झोपला का?” शामलानं विचारलं.

“नाही वं. गेला.”

तिचा चेहरा उतरला. ती त्याच्याजवळ खाली बसली. जिला टाकीकडे बघवत नव्हतं, तिनं बोट पुढे करून पेठ्याच्या डोक्यावरून एकदा फिरवलं.

“माह्यं काही चुकलं का?” ती म्हणाली. “तांब्याचं पाणी तर चांगलं असते ना? आपण पेतोच ना रोज.”

केशवच्या तोंडाशी शब्द आला होता. तो राग होता आणि तो खरा होता, आणि तो कोणावर काढायचा हेही समोर बसलं होतं. पण तिच्या नखांत अजून चिंच अडकलेली होती, आणि सांगायचं होतं ते घरातून निघतानाच सांगायला हवं होतं.

“तुह्यं काहून चुकंल,” तो म्हणाला. “ऊन त्याले सोसलं नाही. तू नसती तर थो टाकीतच शिजला असता. गार पाण्यात गेला, तुह्यामुळं.”

चारला लाइट आली. पंखा फिरला, फ्रीज घुरघुरला, आणि फोन वाजला. वैभवी होती. शामला कान देऊन उभी होती, म्हणून केशवनं फोन दोघांना ऐकू येईल असा ठेवला. केशवनं तिला पेठा गेल्याचं सांगितलं.

“कशात ठेवलं होतं त्याला, बाबा?”

“प्लास्टिकच्या टबात,” केशव म्हणाला. “बरफ आणाले मले उशीर झाला. चूक माही आहे, बेटा.”

शामलानं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

“पाय कितपत आला होता?” वैभवीनं विचारलं.

“पुरा आला होता. चारही बोटं.”

“असं कसं होईल? परवाच्या फोटोत दोनच होती. महिना लागला असता अजून.”

“मी मोजले ना,” केशव म्हणाला.

संध्याकाळी शामलानं वरणभात वाढला. लादीचं पाणी होऊन ते अंगणात वाहून गेलं होतं आणि पोतं दारात वाळत पडलं होतं. केशवनं भात कालवला, घास उचलला, आणि तो तोंडाशी जाण्याआधीच ताटात पडला. त्यानं पुन्हा उचलला. पुन्हा तो अंगठ्याच्या पुढच्या मोकळ्या जागेतून गळाला. एकोणीस वर्षं हा माणूस तीन बोटांनी जेवत होता आणि ताटाबाहेर कधी शीत पडलं नव्हतं. आज त्या जागी बोटांचा भासही उरला नव्हता.

 शामलानं उठून फळीवरचा चमचा आणला, पदराला पुसला आणि त्याच्या ताटाशी ठेवला. केशवनं तो डाव्या हातात घेतला आणि खाली मान घालून जेवायला लागला.