धुरपताची भिंत

या, असे पुढं सरकून बसा. मागं खांबाला टेकून बसणाऱ्याला कथा अर्धीच ऐकू येते, आणि उरलेली अर्धी तो पेंगत ऐकतो. आज एका भिंतीची कथा सांगतो. भिंतीची म्हणजे ती करणाऱ्या प्रेमदास गवंड्याची. माणूस टाळ वाजवण्यात पटाईत, बोलण्यात कंजूष. एक गोष्ट त्यानं पोटात ठेवली ती अकरा वर्षं. आणि मग चार दिवसांत ती गोष्ट त्याला बसू देईना की उठू देईना.

सेलूहून दोन कोसांवर त्याचं गाव. वांगी, मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, पिकवणारं. गावात मारुतीचं देऊळ, पुढं सभामंडप, आणि मंडपाची उगवतीकडची भिंत लाल विटांची. पण कशा विटा! एखादी भाजून काळपट झालेली, एखादी पिवळट, एखाद्या विटेचा कोपरा उडालेला, आणि मधून चुन्याच्या पांढऱ्या रेघा. सप्ताहाला येणारे कीर्तनकार बुवासुद्धा आधी मारुतीला हात जोडत आणि मग भिंतीकडं बघत. लोक तिला धुरपताची भिंत म्हणत. धुरपताबाईच्या गजेंद्रला त्र्याण्णव साली वांग्याच्या वाडीत साप चावला. पोरगा सेवाग्रामच्या दवाखान्यातून आपल्या पायानं चालत बाहेर आला, आणि मायनं मारुतीला बोललेला नवस फेडला. पडक्या मातीच्या भिंतीच्या जागी पक्क्या विटांची भिंत. गावाला ठाऊक होतं ते एवढंच.

धुरपताबाई नव्व्याण्णव साली गेली. गजेंद्रनं गावात कृषी केंद्र टाकलं, देवळाच्या कमिटीचा अध्यक्ष झाला. दोन हजार चार साली, हनुमान जयंतीच्या सप्ताहाला आठवडा उरला असताना, सांजच्या भजनाला त्यानं जाहीर केलं, "यंदा बायाईले उन्हात बसा लागनार नाई. मंडपात गॅलरी करून राह्यलो. हिंगणघाटच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनातले गर्डर भेटले. एक टोक खांबावर, दुसरं टोक मायच्या भिंतीत. वीटकाम असं पक्कं हाय का हत्ती बसवला तरी हालनार नाई!"

लोकांनी जयजयकार केला. प्रेमदासच्या टाळाचा ठेका चुकला.

"का हो मामा?" शेजारचा नीलेश मृदंगावरून हात न उचलता म्हणाला. "म्हातारपण आलं का टाळात?"

प्रेमदास हसला नाही. त्याची नजर भिंतीवर होती. त्या भिंतीत वीट नव्हती. एकही नव्हती.

झालं होतं असं. त्र्याण्णव साली धुरपताबाईनं विटा आणल्या, देवळामागं रचून ठेवल्या. त्याच उन्हाळ्यात गावचाच नानाजी नावाचा माणूस परत आला. महारोगाचा इलाज करून, पुरता बरा होऊन, डॉक्टरचा कागद खिशात घेऊन आला. कागद कोण वाचतो? भावानं दार लावून घेतलं. नानाजी आणि त्याची बायको यशोदाबाई नाल्याकाठी बांबूचे चार तट्टे उभे करून राहिले. धुरपताबाई भाजी तोडायला जायची ती त्याच वाटेनं. एक दिवस ती प्रेमदासच्या दारात येऊन बसली.

"प्रेमदासभाऊ, त्या विटा नानाजीच्या घराले लावता का?"

"अन् मारुती?"

"मारुती काय उघड्यावर हाय? त्याची मातीची भिंत उभी हाय न. तिलेच नीट करा."

"बाई, देवाच्या विटा महारोग्याच्या घराले लावल्या म्हणून गाव तुमालेबी वाळीत टाकन, अन् त्याच्या घरावर गोटे मारन."

"म्हणून तं तुमच्याजवळ आली. मले दुसरा गवंडी नाई भेटत का?"

बाजाराच्या दिवशी गाव सेलूला गेलेलं असताना प्रेमदासनं बैलबंडी जुंपली आणि तीन खेपांत विटा नाल्याकाठी नेल्या. महारोगाच्या भीतीनं तिकडं सहसा कोणी फिरकत नसे; तिथं दोन खोल्या उभ्या केल्या. वरून प्रेमदासच्या बायकोनं, शोभाबाईनं, स्वतः शेणमातीनं लिंपून काढल्या, की कोणी बघितलं तर मातीचंच घर दिसावं. आणि देवळात ताडपत्री लावून प्रेमदास भिंतीला भिडला. मातीवर सिमेंट धरत नाही, म्हणून आधी कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी खिळ्यांनी ठोकली. तिच्यावर गिलावा. त्यात गेरू कालवलेला. गिलावा ओला असतानाच सूत धरून, सायकलच्या चाकाची तार वाकवून एकेक रेघ ओढली आणि तिच्यात चुना भरला. मग वीट वेगळी, रंग वेगळा. कुठं काजळी, कुठं पिवडी, कुठं नखानं उडवलेला कोपरा. सोळा दिवस लागले. देवाच्या घरी मातीवर विटा आणि नानाजीच्या घरी विटांवर माती. धुरपताबाईनं बघितलं, पदर तोंडाला लावून हसली, आणि म्हणाली, "मी असेन नसेन. माझ्या गजेंद्रले कधी कळू देऊ नका. तो देवाचं नाव घेते, पर नानाजीच्या घरचं पाणी पेत नाई." प्रेमदासनं मारुतीच्या पायावर हात ठेवून शब्द दिला.

आता त्या शब्दावर गर्डर येणार होते. सेलूचा कारागीर मंगळवारी येऊन भिंतीला भोकं पाडणार. छिन्नीचा पहिला घाव बसला की भुरभुर माती सांडणार, आणि गावाच्या तोंडी एकच गोष्ट येणार: धुरपतानं देवाला फसवलं.

प्रेमदासनं दुसऱ्या दिवशी सकाळीच गजेंद्रचं दुकान गाठलं.

"गजेंद्र, मारुतीच्या उगवतीले लोखंड ठोकू नये म्हणते."

"कोन म्हणते?"

"जुने लोक."

"मामा, मारुती स्वतः लोखंडाच्या जाळीत बसला हाय! कुलूपबी लोखंडाचं. तुमी कवापासून शास्तर सांगू लागले?" दुकानातली गिऱ्हाइकं हसली.

प्रेमदास निघाला, आणि चार पावलांवरून परत आला. "मग गॅलरी पुढच्या वर्षी कर न."

"काऊन?"

प्रेमदास तसाच मागं वळला. तो घरी आला, जेवायला बसला, उठला. थापी घासायला काढली, तशीच ठेवली. देवळात गेला, भिंतीसमोर उभा राहिला, कोणी आलं की मारुतीला नमस्कार केल्यासारखं करून बाहेर पडला. दिवसात पाच फेऱ्या झाल्या. पुजारी भैय्याजी म्हणाले, "प्रेमदास, नवस बोलला का काई? एवढ्या फेऱ्यांनी तर देवालेबी कंटाळा येते."

शोभाबाईला सगळं ठाऊक होतं. ती चुलीपुढं बसून म्हणाली, "पायाले भोवरा बांधला का तुमच्या? सांगून टाका एकदाचं. बाई गेली बिचारी. तिले आता काय लागते?"

"तिलेच लागते. मेलेल्या माणसाले नावच रायते, दुसरं काय रायते?"

"मग तुमी काय करता?"

"तेच तं समजून नाई राह्यलं."

सोमवारी त्याला समजलं. समजलं म्हणजे सुचलं. तो गजेंद्रला म्हणाला, "भिंत मी केली, भोकं मीच पाडतो. बाहेरच्या माणसाचा हात धुरपताबाईच्या भिंतीले लागू नये." गजेंद्रचे डोळे भरून आले. साठीच्या पुढचा माणूस, गुडघे दुखतात, तरी मायसाठी छिन्नी धरतो म्हणून त्यानं वाकून पायच धरले. प्रेमदासनं पाय मागं ओढले. त्याला ते सोसवेना.

मंगळवारी त्यानं ताडपत्री लावली. "धूळ उडते, कोणी आत येऊ नका." पहिलं भोक पाडलं. कोरडी माती घमेल्यात सांडली, तिच्यात जुना कडबा, एका मेलेल्या गोगलगाईचा शंख. घमेलं त्यानं फडक्यानं झाकलं. भोकाच्या कडांना खऱ्या चार चार विटा सिमेंटमध्ये बसवल्या. ताडपत्रीच्या फटीतून मागं होऊन बघितलं. खऱ्या विटा कुठल्या आणि त्याच्या कुठल्या, त्याला स्वतःलाच कळेना. बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा छाती मोकळी झाली आणि त्या भरात त्यानं दुसरं भोक पाडलं, तिसरं पाडलं.

दुपारी मंडपात बायका आल्या. प्रमिलाबाई पुढं, मागं दहा-बारा जणी, कडेवर लेकरं. गॅलरी कुठवर येणार ते त्या खालून बोट दाखवून ठरवू लागल्या.

"मी या कोपऱ्यात बसीन वं माय. इथून बुवाचं तोंड दिसते."

"तुले तोंड पाह्याचं का कीर्तन आयकाचं?"

"मी माह्या सपनालेबी घेऊन बसीन. सातवा महिना हाय तिले, खाली चेंगरते."

"किती जणी मावतीन?"

"गजेंद्र म्हणते साठ. दाटून बसलं तं ऐंशी."

ताडपत्रीमागं प्रेमदासचा हात भिंतीवर होता. तळव्याखाली गिलावा थंड होता आणि बोटानं वाजवला की आतून पोकळ आवाज येत होता. जाळी मातीला सोडून पुढं आली होती. गर्डर, फळ्या, ऐंशी बाया. गजर सुरू झाला की बाया हातावर टाळी देत डोलतात, हे त्यानं तीस वर्षं टाळकऱ्यांच्या रांगेतून बघितलेलं. त्या डोलतील आणि या मातीतले चार-चार विटांचे तुकडे केवढं धरतील? त्याच्या मनात नुसतं धुरपताचं नाव होतं, त्या नावापायी त्यानं बायांकडं बघितलंच नव्हतं. सप्ताहात प्रत्येक कीर्तनात तो मान हलवून ऐकत आला होता, जिवात देव आहे म्हणून. आणि आज तो त्याच जिवांखाली माती लपवत होता. तो मारुतीकडं वळला, पण मारुतीकडं बघवेना.

"बाप्पा," तो एवढंच म्हणाला.

मग त्यानं भोकाच्या कडेनं जाळीत पहार अडकवली आणि ओढली. खिळे गंजलेले. एक सुटला, दुसरा सुटला, आणि अख्खी भिंत, धुरपताची भिंत, काजळीच्या आणि पिवडीच्या विटांसकट पापुद्र्यासारखी वरून खाली लोळत आली. ताडपत्री फाटली. धूळ बसली तेव्हा बायकांना दिसली फक्त मातीची भिंत, कडब्याच्या काड्या बाहेर आलेली.

गजेंद्र धावत आला. मागं निम्मं गाव.

"हे काय हाय मामा? विटा कुठं हाय?"

"नाई. कधीच नव्हत्या."

"मायनं आणल्या होत्या! मी डोळ्यानं पाह्यल्या, ढीग होता इथं!"

"मी नेल्या. बंडीत घालून. अन् हे वरून केलं."

कोणीतरी शिवी दिली. नीलेश म्हणाला, "देवाच्या विटा खाल्ल्या बे म्हाताऱ्यानं!" प्रेमदास उभा होता, हात सिमेंटनं पांढरे.

गजेंद्र जवळ आला. त्याचा आवाज एकदम खाली गेला होता. "मामा, एकच सांगा. मायले ठाऊक होतं का?"

मंडळी, प्रेमदास मारुतीसमोर उभा होता. त्यानं आयुष्यात देवळात खोटं एक अक्षर उच्चारलं नव्हतं. गर्दीच्या मागं नानाजी उभा होता, झडलेल्या बोटांचे हात जोडून, पुढं येऊ का म्हणून नुसत्या डोळ्यांनी विचारत. प्रेमदासनं मानेनं त्याला नको म्हटलं.

"नाई," तो म्हणाला. "बाईले काई ठाऊक नव्हतं."

ते पाप की काय, मी सांगणारा कोण? मारुतीनं ऐकलं, त्याचं तो बघेल.

गजेंद्र रडला. मग म्हणाला, "आजपासून या देवळात टाळ धरू नका." कोणी आडवं आलं नाही.

गॅलरी त्या वर्षी झाली नाही. सप्ताहापुरती गर्डरची गोष्ट बाजूला ठेवून गावानं मातीची भिंत पाडली आणि बायकांसाठी मंडपाबाहेर शामियाना टाकला. सातही दिवस प्रेमदास रस्त्यापलीकडं लिंबाखाली उभा राहून कीर्तन ऐकत होता. बसायला सांगितलं तरी बसेना. गजर सुरू झाला की त्याचे दोन्ही हात आपसूक उचलले जात, रिकामे, आणि तो ते सदऱ्याच्या खिशात कोंबी. शोभाबाई बायकांतून उठून त्याच्याजवळ येऊन उभी राहिली. "माह्या नवऱ्यानं विटा खाल्ल्या म्हणते," ती पुटपुटली. "ज्याले घरी पापड पचत नाई." तेवढं मात्र तो हसला.

पावसाळ्याआधी गावानं वर्गणीतून खऱ्या विटा आणल्या. सेलूच्या कारागिरानं भिंत धरली. प्रेमदास रोज येऊन लांब उभा. तिसऱ्या दिवशी त्याला राहवेना. छातीइतक्या उंचीवर भिंत पोटातून पुढं येत होती, दोन बोटं, पण येत होती. वर गर्डर बसणार, त्यावर बाया. तो चार पावलं पुढं आला, मागं गेला, परत आला.

"ओ कारागीर, ओळंबा लावा एकदा. पोट निघून राह्यलं."

परांचीवरचा कारागीर खाली बघून म्हणाला, "तुमी विटांचं नका सांगू बुवा, तुमचं नाव आयकलं हाय मी." खालची माणसं हसली. गजेंद्र तिथंच होता, तो हसला नाही. हसून झाल्यावर कारागिरानं ओळंबा सोडला. दोऱ्याकडं जरा वेळ बघत राहिला. मग वरचे पाच थर उतरवून त्यानं पुन्हा बांधायला घेतले. प्रेमदासनं दोरा सरळ झालेला बघितला आणि तो घराकडं वळला.

पुढं सहा वर्षांनी तो गेला. टाळ त्याच्या हातात परत आला नाही. नानाजी त्याच्या मागोमाग गेला. मग कितीतरी दिवसांनी शोभाबाईनं हे सगळं मला सांगितलं. म्हणाली, आता कोणाच्या घरावर गोटे पडत नाही, सांगा खुशाल. म्हणून सांगितलं.

गॅलरी पुढं झाली, आणि त्या मंडपात आजही ऐंशी बाया वर बसतात, डोलतात, आणि भिंत हलत नाही. तुम्ही कधी कीर्तनाला बसलात, टाळांचा गजर रंगात आला, तर क्षणभर प्रेमदास गवंड्याची आठवण करा. एवढंच मागणं आहे माझं.